उचलून नेण्याची सोय

पाटी रंगवून झाली तेव्हा तलावाच्या समितीतली मंडळी मोठ्या कौतुकानं मला दाखवायला घेऊन गेली. निळ्या पाटीवर पांढरी, ठसठशीत अक्षरं : ‘दिव्यांग बंधू-भगिनींना उचलून नेण्याची सोय आहे.’ खाली चार जणांचे मोबाईल नंबर. मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग माझं डोकं फिरलं.

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं मी इथल्या शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. दाखल्यावरची जन्मतारीख बदलून द्या म्हणणाऱ्या पालकांपासून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी माझं तोंड ऐकलेलं आहे. पायांची कसर ही पोरगी तोंडानं भरून काढते, असं माझी आई म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती.

तीन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. तेव्हापासून दोन्ही पाय नावापुरते. घरात मी हातांवर सरकत जाते आणि बाहेर हातानं फिरवायची तीनचाकी सायकल चालवते. सपाट रस्ता असला की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण पायरी आली की मी सामान होते. विहाराच्या सात पायऱ्या, बँकेच्या पाच, मतदानाच्या खोलीपुढच्या तीन, सगळ्या मी लोकांच्या हातांवर चढलेली आहे. आणि लोकही असे चांगले, की कुणी कधी तोंड वाकडं केलं नाही. ‘अक्का, थांबा, हात लावतो,’ म्हणत चार माणसं धावत येतात. धावून येणाऱ्या माणसांवर चिडायचं तरी कसं, हा माझा जन्मभराचा प्रश्न आहे.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या उत्तरेला पाटबंधाऱ्याचा जुना तलाव आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी उतरायला लागलं, की कडेला गुडघाभर चिखल, लव्हाळी आणि पाणकणसाचं रान उघडं पडतं आणि त्यात पक्षी उतरतात. किती उतरतात ते मी सांगत नाही, कारण मी ते धड पाहिलेच नव्हते. समुद्र तर मी कधीच पाहिला नाही. आमचा समुद्र म्हणजे हा तलाव, आणि तोसुद्धा मी दुसऱ्याच्या ओंजळीनं प्यायलेला. लहानपणी माझा भाऊ मला पाठंगुळी घेऊन जायचा. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण अंगानं दणकट. मोठी झाल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीसकट दोघं-तिघं उचलून न्यायचे आणि काठावर ठेवायचे. जिकडे तोंड करून ठेवतील तिकडचा तलाव माझा. एकदा अर्धा तास मी नुसती सांडव्याची भिंत बघत बसले होते, कारण मागे वळवा म्हणायची लाज वाटली. आणि पाच-दहा मिनिटं झाली की कुणीतरी अंगावरची माती झटकत म्हणायचं, ‘चला का मग अक्का?’ त्यालाही घरी कामं असणार. मी चला म्हणायची.

मला एकदा त्या पाण्यापर्यंत एकटीनं जायचं होतं. कुणी न उचलता, कुणी न ढकलता. जाऊन हवं तेवढं बसायचं आणि कंटाळा आला की परत यायचं, बस. एवढंच मागणं होतं, पण अठ्ठावन्न वर्षांत मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. बोलले असते तर लगेच चार जण उचलायला आले असते.

तर गेल्या दोन-तीन वर्षांत जळगाव-धुळ्याहून लोक गळ्यात कॅमेरे अडकवून आमच्या तलावावर यायला लागले. मग गावातल्या दहा-बारा जणांनी समिती केली आणि कडेकडेनं निसर्गवाट बांधायला घेतली. रस्त्यापासून खाली उतरणारी वाट, मग पाण्याच्या कडेनं लांबवर, आणि शेवटी चिखलाच्या तोंडाशी बसायला एक उंच ओटा. लहान-थोर, म्हातारे, अपंग, सगळ्यांना जाता येईल अशी वाट, असं ठरावात लिहिलं होतं. ठरावाची भाषा मीच सुधारून दिली होती, म्हणून मला माहीत. आणि प्रत्यक्षात काय, तर ओट्याला पाच पायऱ्या, उतरणीला अधूनमधून टप्पे, आणि वर ही पाटी.

मी समितीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे माना खाली घालून ऐकत होते. बांधकाम करणारे मिस्तरी मात्र माझ्याकडे पाठ करून थापीनं गिलावा करत राहिले. सत्तरीला आलेले, वाळक्या शेंगेसारखे, डोक्याला टॉवेल. सगळे त्यांना नाना म्हणतात. माझं बोलून झाल्यावर ते वळले आणि अगदी शांतपणे अहिराणीत म्हणाले, “आम्ही शेतस ना अक्का. कसाले चिंता करतस? उचली लेसूत.”

“नाना, उचलायला माणसं आहेत हे मला माहीत आहे,” मी म्हणाले. “पण ओट्याला पायऱ्या कशाला पाहिजेत ते सांगा.”

“वट्टा म्हनजे पायरी ऱ्हासच. बिगर पायरीना वट्टा मी जलममा बांधेल नही.”

“मग आता बांधा. मला सगळ्यांनी फार उचललं. आता जरा खाली ठेवा.”

नानांनी हातातली थापी पाण्यात बुडवून धुतली आणि चहा प्यायला गेले. मला वाटलं, संपलं. म्हातारा रुसला.

चार दिवसांनी नानांचा निरोप आला, ‘अक्काला गाडी घेऊन बोलाव.’ गेले तर ओट्याच्या पाचही पायऱ्या आणि उतरणीचे टप्पे फोडणं चाललेलं. नाना स्वतः घण घेऊन फोडत होते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून कामाला येणाऱ्या बाया राडारोडा वाहत होत्या. स्वतःच्या हातानं केलेलं काम स्वतःच्या हातानं मोडणारा माणूस मी शाळेच्या कार्यालयात तीस वर्षांत एकही पाहिला नव्हता. तिथे तर चुकलेला आकडासुद्धा माणसं खोडत नाहीत. त्या दिवशी माझी जीभ जरा मऊ झाली.

“तुमना कागदवर काय लिखेल शे?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे अपंगांसाठीच्या उताराची माहिती असलेला एक कागद होता. मी सांगितलं, बारा फूट लांबीला एक फूट चढ, त्याहून जास्त नको. ते हसले. म्हणाले, कागद त्यांना कळत नाही, ढाळ कळतो. तरुणपणी ते धाब्याची घरं करायचे. आमच्याकडच्या जुन्या घरांना लाकडांवर माती चोपून केलेलं सपाट छत असतं, तेच धाबं. त्याला ढाळ जास्त दिला तर पावसाचं पाणी वरची माती घेऊन पळतं, आणि कमी दिला तर पाणी साचून घरात टपकतं. दोन्हींच्या मधला ढाळ कागदावर कुणी लिहून ठेवलेला नाही.

“पानी पळाले नको,” नाना म्हणाले. “पानी चालाले पाहिजे.”

केळीच्या मळ्यातला एक जुना प्लास्टिकचा पाइप त्यांनी उभा चिरून आणला. त्याची पन्हाळ उतारावर ठेवायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि पाण्याच्या बरोबरीनं आपण चालत खाली यायचं. पाणी पुढे गेलं तर ढाळ जास्त. माणूस आणि पाणी बरोबर पोचले की ढाळ बसला. दिवसभर हा माणूस तांब्या घेऊन पाण्याबरोबर चालत होता. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. पण उतार तयार झाल्यावर मी माझा कागद काढून दोरीनं मोजायला लावलं, तर कागदात सांगितला होता त्याहूनही ढाळ कमीच भरला. कागद मी घडी करून पिशवीत टाकला.

फरशीचे ठोकळे बसवायचे म्हणत होती समिती. नानांनी माझ्या गाडीकडे पाहिलं आणि नको म्हणाले. ठोकळ्यांच्या सांध्यांवर चाक खडखडतं आणि पक्षी उडून जातात. त्यापेक्षा मुरूम. त्या बायांनी मुरूम पसरून, पाणी मारून, धुम्मसानं असा चोपला, की तीनचाकीचं चाक फिरताना आवाज येईना. त्यांच्यातली एक जण गुडघ्यावर बसून तळहात फिरवून बघायची आणि हाताला खडा लागला की तो उकरून काढायची. आपल्या अंगणालासुद्धा इतकी माया कुणी लावत नाही. ती वाट ज्यांनी बांधली त्यांच्याविषयी मला कुणी विचारलं, तर मी आधी त्या बायांचे हात सांगते.

मग चढायची परीक्षा. उतरणं सोपं असतं, खरी गंमत परत वर येताना. नाना म्हणाले, चढा. त्यांच्यापुढे आपली फजिती नको म्हणून मी दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी पायडल फिरवत एका दमात वर आले. छाती भात्यासारखी वरखाली. तरी मी म्हणाले, “काही नाही, जमतं.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. पंजे थरथरत होते.

“अक्का, तुमनं तोंड खोटं बोलस. हात नही.”

आयुष्यात मला तोंडावर खोटारडी म्हणणारे हे पहिलेच. राग यायला हवा होता, पण आला नाही. मी पुन्हा खाली गेले आणि या वेळी खरं खरं चढले. जिथे दम लागला तिथे थांबले. जिथे थांबले तिथे नानांनी फक्कीनं रेघ मारली. अशा तीन रेघा झाल्या. त्या तीन ठिकाणी त्यांनी वाट सपाट केली, गाडी उभी राहील आणि बाजूनं दुसरा माणूस जाईल इतकी रुंद. लोकांना आज वाटतं, ती पक्षी बघायची ठिकाणं आहेत. वाटू दे. तिथे माझा श्वास संपला होता.

ओट्याचा कठडा हा शेवटचा घोळ. कमरेइतका उंच, सुंदर जाळीचा, विटांचा. नानांनी जीव ओतला होता त्यात. मी गाडी नेऊन उभी केली तर समोर विटा. डावीकडे विटा, उजवीकडे विटा. मला हसू आवरेना. नाना काय झालं ते बघायला आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांचे डोळे आले तसं त्यांनीही समोर पाहिलं. 

“हाई ते भीतच दखास,” ते म्हणाले. खरंच, तिथून नुसती भिंतच दिसत होती. दुसऱ्या दिवशी कठडा फोडला. त्या जागी दोन आडवे लोखंडी नळ आले, एक माझ्या छातीखाली आणि एक डोक्याच्या वर. मधून पाणी.

आता भावाचं सांगते. ते सांगायला मला जड जातं.

पाटीवरच्या चार नंबरांत पहिला नंबर त्याचा होता. हे मला पाटीवर तोंडसुख घेतल्यावर कळलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, शर्टाच्या आत कमरेला पट्टा. तो पट्टा मला दिसू नये म्हणून उन्हाळ्यातसुद्धा बनियनवर शर्ट घालून बसणारा. त्या दिवसापासून तो माझ्याशी तुटक बोलायला लागला. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं तर हं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला.

“तुले मी जड वाटनू का कधी?” तो म्हणाला. म्हणजे, मी तुला कधी ओझं वाटलो का. खरं तर हा प्रश्न मी त्याला विचारायचा, आणि विचारत होता तो.  

“तू नाही रे,” मी म्हणाले. “मी तुला जड झाले नाही, हे मला माहीत आहे. पण मला मी फार जड झाले.”

त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, मी काय मरायला टेकलोय का. मग म्हणाला, पाटी काढून टाकायला सांगितली मी. एवढं बोलून दुकानात निघून गेला. त्याच्या त्या पाठीवर बसून मी पाचवी ते दहावी शिकले, जिल्ह्याच्या गावी नोकरीच्या मुलाखतीला गेले, आई गेली तेव्हा स्मशानात गेले. आमच्यात बाया स्मशानात येतात, पण मला नेणारा तो होता. त्या पाठीविषयी मी वाईट बोलले असं त्याला वाटलं असेल, तर तो दोष माझ्या तोंडाचा. तो माणूस सोन्यासारखा आहे.

वाटेचं उद्घाटन झालं. हार, नारळ, भाषणं, सगळं यथासांग. मला पहिल्यांदा जायचा मान दिला आणि तिथेच सगळं बोंबललं. आठ-दहा हात माझ्या गाडीला लागले. कुणी मागून ढकलतंय, कुणी पुढून ओढतंय, कुणी बाजूनं फोटो काढतंय. इतक्या झपाट्यानं मला ओट्यावर नेलं, की एकाही रेघेशी थांबता आलं नाही. समोरचे पक्षी केव्हाच उडून गेले होते. मी फोटोसाठी हसले. नाना गर्दीच्या मागे लिंबाखाली बिडी ओढत उभे होते. त्यांना व्यासपीठावर बोलावलं नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही. त्यांची माझी नजरानजर झाली तेव्हा त्यांनी हळूच मान हलवली, नाही म्हणतात तशी. माझ्या मनातही तेच होतं.

त्यानंतर एक मंगळवार आला. भाऊ सुट्या भागांच्या खरेदीला पारोळ्याला गेला होता. वहिनी माहेरी. शेजारची बाई कापूस वेचायला. मी भाकरी खाल्ली, केस विंचरले, गाडीत बसले आणि दार ओढून कडी लावली. कुणाला सांगायचं, हा विचार आला होता. सांगायला कुणी नव्हतं, आणि असतं तर मी सांगितलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

डांबरी रस्ता संपला, मुरुमाची वाट लागली. गाडी आपल्या चालीनं खाली उतरत गेली. ब्रेकवर हात होता, पण दाबावा लागला नाही. पाण्याच्या कडेनं जाताना लव्हाळी माझ्या कोपराला घासत होती. ओट्यावर आले, गाडी नळाशी लावली आणि मान वर केली.

पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी पक्षी घोळक्यानं पोहत होते. काठीसारख्या लाल पायांचे शेकाटे चिखलात एकेक पाय उचलून टाकत होते. लांबवर भगव्या रंगाच्या चक्रवाकांची जोडी. एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. मी डावीकडे बघितलं. मग गाडी थोडी फिरवून उजवीकडे बघितलं. मग परत डावीकडे. कुणी ‘चला का’ म्हटलं नाही. मला रडू आलं, आणि आवरायचं कारण नव्हतं म्हणून मी आवरलं नाही. ऊन माझ्या मांडीवरून सरकत चाकावर गेलं तरी मी तिथेच होते.

मग फोन वाजला. भाऊ.

“अक्का, कोठे शे तू?” त्याचा आवाज चिरका झाला होता. तो दुपारीच परतला होता. घराला कडी, गाडी नाही. शाळेत बघून आला, विहारात बघून आला, दवाखान्यातसुद्धा जाऊन आला. “बठ्ठं गाव धुंडं मी. बोल ना, कोठे शे?”

मी बोलणार होते, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. अठ्ठावन्न वर्षांत मी कुठे आहे हे कुणाला ना कुणाला नेहमी माहीत असायचं, कारण गाडीनं गेले तरी शेवटच्या पायरीवर कुणीतरी उचलल्याशिवाय मी कुठे पोचूच शकत नव्हते. आज त्या दुपारी जगातल्या एकाही माणसाला माझा पत्ता नव्हता.

“शे एका जागी,” मी म्हणाले. “बरी आहे.”

“पण कोठे?”

“नाही सांगत.”

  पलीकडे त्याच्या नाकातून एक मोठा श्वास बाहेर पडला, आणि तो हसायला लागला. बारीक, कमरेला पट्टा बांधलेल्या माणसाचं जपून हसणं. मला ते किती दिवसांनी ऐकू आलं.

“बरं,” तो म्हणाला. “ये मंग सावकाश.”

त्यानं फोन ठेवला तरी मी तो कानालाच धरून बसले होते. ‘थांब, आलो मी,’ हे त्याच्या तोंडून मी हजारदा ऐकलंय. ‘ये’ त्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.